बाण, साखळी की उतरंड?

कोल्हापुरातल्या शाळेत विज्ञान प्रदर्शनासाठी ‘मोठ्यात मोठी संख्या’ असा तक्ता करायला घेतला, की एकं-दहंची रांग परार्धावर संपते: एकावर सतरा शून्ये. पुढे नुसती नावं पुरत नाहीत, संख्या तयार करायची रीत सांगावी लागते. अशा तीन रीती कामाच्या आहेत.

समजवायला सगळ्यांत सोपे संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथचे बाण (१९७६). एक बाण म्हणजे घात: ३↑३ म्हणजे २७. दोन बाण म्हणजे घातावर घात: ३↑↑३ म्हणजे तीन तिनांचा मनोरा, ३ चा २७ वा घात, ७,६२,५५९ कोटी ७४,८४,९८७. सोडवायचं उजवीकडून, डावीकडून गेलात तर २७ चा घन, फक्त १९,६८३, हाती येतो. तिसऱ्या बाणाला विषय हार्ड: ३↑↑↑३ हा वर सांगितला तेवढ्या तिनांचा घातांचा मनोरा. दर तिनाला एक सेंटिमीटर दिलात तरी पंचगंगेच्या घाटावरून निघालेला मनोरा सूर्याच्या निम्म्या वाटेपलीकडे जातो. गणितज्ञ रोनाल्ड ग्रॅहॅमच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अवाढव्य संख्येसाठी मात्र बाण थिटे. पहिल्या ओळीत ३↑↑↑↑३, तिचं उत्तर येईल तेवढे बाण दुसऱ्या ओळीत, अशा ६४ ओळी.

गणितज्ञ जॉन कॉनवेची साखळी, म्हणजे आडव्या बाणांनी जोडलेल्या संख्या, हेच एका ओळीत पकडते: ग्रॅहॅमची संख्या ३→३→६४→२ आणि ३→३→६५→२ यांच्या मधे बसते. पण साखळी मधे तोडायची नाही. २→३→२ म्हणजे २↑↑३, १६. पहिल्या दोघांना कंस घातला तर ६४ होतात. नवख्याच्या हाती ही देऊ नये.

स्वतःची संख्या रचून ग्रॅहॅमला मागे टाकायचं असेल तर फलांची (फंक्शनची) उतरंड घ्या. शून्यावी पायरी १ मिळवते. पुढची प्रत्येक पायरी, दिलेली संख्या असेल तितक्या वेळा, आधीची पायरी चालवते. ३ दिल्यावर पहिली ६ देते, दुसरी २४, तिसरी सुमारे १२ कोटी १२ लाख अंकी संख्या. पहिली, दुसरी, तिसरी अशा सगळ्या पायऱ्यांच्या वरच्या ओमेगा पायरीवर दिलेली संख्याच पायरीचा क्रमांक ठरते. ओमेगा अधिक एकवर ६४ ठेवले की ग्रॅहॅम मागे पडला. त्याहून बऱ्याच वर चढणार असाल तर ओमेगासारख्या प्रत्येक टप्प्यावर कुठल्या क्रमाने खाली उतरायचं ते लिहून द्या, नाहीतर संख्या ठरतच नाही. ‘ग्रॅहॅम अधिक एक’ला कुणी विचारत नाही.

तक्त्यावर बाण, स्पर्धेला उतरंड. फ्लेक्स छापण्याआधी प्रूफ मात्र डोळ्यांखालून घाला: घातांक खाली सरकला तर १० चा १०० वा घात ‘१०१००’ छापून येतो, आणि जुन्या फॉन्टमध्ये बाणांच्या जागी चौकोन.