कपॅसिटर बिघडला, बिल मात्र गॅसचे : परभणीतील एका एसी दुरुस्ती सेवेविषयी

परभणीत एप्रिलच्या मध्यानंतर पारा चाळिशीच्या वर जातो तो मृगाच्या सरी येईपर्यंत फारसा खाली उतरत नाही. अशा दिवसांत घरातला एसी बंद पडला आणि घरात वयस्कर माणसे असली, की दुरुस्तीवाला सांगेल तो आकडा मान्य करण्यावाचून गत्यंतर नसते, याची या व्यवसायातील मंडळींना पुरेपूर कल्पना असते. सर्व कंपन्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्या शहरातील एका केंद्राने आमच्याकडून ५,८०० रुपये घेतले. दर चढा होता ही माझी तक्रार दुय्यम आहे. ज्या कामाची गरजच नव्हती, आणि जे रीतीप्रमाणे झालेही नाही, त्याचे पैसे घेतले गेले, ही मुख्य तक्रार आहे.

आमचा एसी दीड टनाचा, इन्व्हर्टर नसलेला, आर-३२ गॅसवर चालणारा स्प्लिट एसी आहे. खोलीत हवा येत होती, गच्चीवरील आउटडोअर युनिटचा पंखाही फिरत होता, पण गारवा नव्हता; कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून नळ्यांतून फिरवणारे यंत्र, थोडा वेळ गुणगुणून बंद होत असे. मेकॅनिक सांगितलेल्या वेळी आला, नम्रपणे बोलला आणि कपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसरला सुरू होताना विजेचा जोर देणारा छोटा भाग, गेल्याचे त्याने मीटर लावून दाखवले. हे निदान अचूक होते. उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या खोक्यात बसवलेला हा भाग उन्हाळ्यात जाणे नवलाचे नाही. नवा कपॅसिटर बसवताच कॉम्प्रेसर सुरू झाला. खरे तर काम येथेच संपले होते.

मात्र कॉम्प्रेसर सुरू होऊन जेमतेम मिनिटभर झाला असेल तोच त्याने गॅसचा दाब मोजणारे गेज लावले आणि “काकू, गॅस पण उडालाय बघा, भरावाच लागतो,” असे माझ्या आईला सांगितले. एसी काही वेळ सलग चालून दाब स्थिर झाल्याशिवाय गेजवरचा आकडा भरवशाचा नसतो. शिवाय जाळी किंवा आतली कॉइल धुळीने भरलेली असली तरी दाब कमी दिसतो, आणि आमची जाळी त्याने उघडूनही पाहिली नव्हती. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की एसीतील गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, म्हणून तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती असलीच पाहिजे, आणि ती शोधून बुजवल्याशिवाय नवा गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय.

पूर्ण गॅस भरायचा तर उरलेला गॅस काढून घेणे, नायट्रोजनच्या दाबाखाली गळती तपासणे, व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतील हवा व ओलावा काढणे आणि मग युनिटवरील पट्टीवर छापलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरणे, असा क्रम आहे. आमच्याकडे पंप आला नाही, काटा आला नाही. आधीच वापरात असलेल्या एका लहान डब्याची नळी काही मिनिटे जोडली गेली आणि बिलावर ‘फुल गॅस चार्जिंग, ३,६०० रुपये’ असे लिहिले गेले. हाताखाली काटा नसताना फुल झाले हे कसे कळले, या प्रश्नाला “अंदाज असतो साहेब,” एवढेच उत्तर मिळाले. पुढे कंपनीच्या अधिकृत केंद्राच्या माणसाने जोडांवर साबणाचे पाणी लावून पाहिले. गळती कुठेही आढळली नाही.

बाकीच्या रकमा अशा: फोनवर सांगितलेले भेट शुल्क ३५०, कपॅसिटर १,२५० आणि ‘लेबर’ ६००. त्याच क्षमतेचा कपॅसिटर येथील सुट्या भागांच्या दुकानात साडेतीनशेच्या आत मिळतो. दुकानदाराने नफा घ्यावा, गच्चीवर उन्हात काम करणाऱ्याला मजुरीही चांगली मिळावी, याबद्दल वाद नाही. पण मजुरी वेगळी लावल्यावर भागाची किंमत तिपटीहून अधिक कशी, याचा खुलासा झाला नाही. आणि बिल म्हणजे शिक्का नसलेला, हाताने लिहिलेला कागद. पक्के बिल हवे असेल तर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १,०४४ रुपये पडतील, असे सांगण्यात आले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे, तेव्हा पक्के बिल ही काही वेगळे पैसे मोजून घ्यायची सवलत नव्हे.

केंद्राच्या मालकांना हे सर्व लेखी कळवल्यावर त्यांनी १,००० रुपये परत करण्याची तयारी दाखवली, मात्र गॅसच्या रकमेविषयी काही बोलण्यास नकार दिला. त्यामुळे ती रक्कम न घेता राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. तेथे निकाल न लागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा विचार आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तेथे शुल्क भरावे लागत नाही. या केंद्राला मी पाचपैकी दोन गुण देतो, एक वेळेवर येण्याचा आणि दुसरा कपॅसिटरच्या निदानाचा.