शाळेसाठी व्हॅक्यूम क्लीनर निवडताना: लालबागच्या एका तीन मजली इमारतीतला अनुभव

आमची शाळा लालबागला आहे. इमारत जुनी, तीन मजली, लिफ्ट नसलेली, आणि शाळा दोन सत्रांत भरते. सकाळचे सत्र सुटल्यापासून दुपारचे भरेपर्यंत जेमतेम पंचवीस मिनिटे मिळतात आणि तेवढ्यात चौदा वर्ग झाडून, लादी पुसून तयार ठेवावे लागतात. निवृत्त झालेल्या शिपायांच्या जागा आमच्याकडे भरल्या गेलेल्या नाहीत, त्यामुळे सगळा भार तीन मावशींवर आहे. आजूबाजूच्या चाळी पाडून टॉवर उभे राहत असल्यामुळे सिमेंटची धूळ खिडक्यांतून अखंड आत येते, आणि फळ्याखाली खडूची भुकटी साचते ती वेगळीच. झाडू मारला की ही बारीक धूळ नुसती उठते आणि दुपारच्या मुलांच्या बाकांवर जाऊन बसते.

पहिला प्रयत्न फसला, आणि त्यात चूक आमचीच होती. एका माजी विद्यार्थ्याने घरगुती व्हॅक्यूम क्लीनर भेट दिला होता. घरोघरी येऊन गादीतली धूळ पांढऱ्या कापडावर काढून दाखवणारा टायवाला विक्रेता माझ्या पिढीला चांगला आठवत असेल. यंत्र साधारण त्याच घराण्यातले होते. पहिल्याच दिवशी मावशींनी फळ्याखालची पट्टी साफ केली तेव्हा पुढून ओढलेली भुकटी यंत्राच्या मागून पांढऱ्या धुक्यासारखी बाहेर पडत होती, कारण आतली कापडी पिशवी केसांसाठी आणि केरासाठी पुरेशी असली तरी खडूच्या कणांना अडवण्याइतकी दाट नव्हती. तिसऱ्या महिन्यात मोटर जळाली. अशा बहुतेक घरगुती यंत्रांत ओढलेली हवाच मोटरवरून जाऊन तिला थंड ठेवते; पिशवीची छिद्रे बुजली की हवा कमी पडते आणि मोटर तापत जाते. दुरुस्ती करणाऱ्याने ती उघडून दाखवली तेव्हा आत पिठाच्या गिरणीत बसते तशी भुकटी बसलेली होती.

त्यामुळे दुसऱ्या खेपेस लोहार चाळ आणि नागदेवी स्ट्रीट या मुंबईतल्या बाजारांत फिरताना आम्ही पहिला प्रश्न मोटरचा विचारला. ओले-सुके दोन्ही ओढणाऱ्या यंत्रांत बहुधा बायपास मोटर असते, म्हणजे तिला थंड करणारी हवा वेगळ्या वाटेने येते आणि फिल्टर तुंबला तरी ती लगेच तापत नाही. दुकानदार मात्र वॉटवरच बोट ठेवतो. वॉट म्हणजे यंत्र वीज किती खाते याचा आकडा. ते किती ओढते ते त्यावरून कळत नाही. युरोपीय संघाने २०१७ पासून घरगुती व्हॅक्यूम क्लीनरना ९०० वॉटची मर्यादा घातली, तरी तिथली घरे काही मळकी राहिलेली नाहीत. ओढण्याची ताकद पाहायची तर किलोपास्कलचा, म्हणजे ओढीच्या दाबाचा, आकडा आणि त्याच्या जोडीला हवेच्या प्रवाहाचा आकडा विचारावा, आणि दोन्ही सांगता येत नसतील तर पुढच्या दुकानात जावे.

वॉटचा शाळेला उपयोग आहे तो वेगळ्याच कारणाने. वर्गातले प्लग बहुतेक ६ अँपिअरचे असतात, आणि २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे १३८० वॉट. दोन मोटरांचे २४०० वॉटचे भारदस्त यंत्र आम्हाला फार आवडले होते, पण ते लावायला १६ अँपिअरचा प्लग लागतो आणि तो आमच्याकडे फक्त संगणक कक्षात आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत आहे. अखेर १२०० वॉटचे, २० लिटरच्या टाकीचे, साडेसात किलोचे यंत्र साडेआठ हजारांना घेतले. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच धाटणीची यंत्रे अनेक कंपन्या बनवतात आणि आपल्या जवळ कोणाचे सर्व्हिस सेंटर आहे यावरच निवड ठरावी. वजनाचा निर्णय मावशींनी केला. दुकानातच एकीने यंत्र उचलून दोन पायऱ्या चढून पाहिल्या आणि शेजारचे स्टीलच्या टाकीचे यंत्र तिथल्या तिथे बाद केले.

फिल्टरच्या बाबतीत काटकसर करू नये. खऱ्या हेपा फिल्टरने ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवावेत अशी अपेक्षा असते. खोक्यावर नुसते ‘हेपासारखा’ असे लिहिलेले असेल तर त्या शब्दाला अर्थ नाही. पण त्याहून मोलाची आहे ती टाकीत बसणारी कागदी किंवा न विणलेल्या कापडाची पिशवी. ती असली की खडू तिच्यातच राहतो, मुख्य फिल्टर महिना-महिना टिकतो आणि रिकामे करताना पिशवीचे तोंड बंद करून ती थेट कचऱ्यात टाकता येते. सुरुवातीला पिशव्यांचा खर्च वाचवायला आम्ही त्या लावत नव्हतो. तेव्हा मागच्या गॅलरीत टाकी उपडी करताना मावशींच्या पापण्यांवरसुद्धा भुकटी बसलेली मी पाहिली आणि पिशव्या त्याच दिवशी मागवल्या. कमी धुळीचा म्हणून मिळणारा खडू वापरला तर त्याचे जड कण हवेत न तरंगता खाली पडतात. तेवढा खडूचा बदल करूनही यंत्राचे काम हलके होते.

पावसाळ्यात यंत्राचा दुसरा उपयोग कळला. जुलैत जिन्याखाली छत्र्या-रेनकोटांचे पाणी साचते, तेव्हा कागदी पिशवी काढून, फोमचा फिल्टर लावून यंत्र ते पाणी दोन मिनिटांत ओढते. टाकी भरत आली की आतला तरंगता गोळा वर येऊन तोंड बंद करतो आणि आवाज एकदम बदलतो. मात्र भरलेली टाकी वीस किलोंच्या पुढे जाते, तेव्हा ती अर्धी असतानाच रिकामी करावी.

उणिवाही सांगायला हव्यात. पाच मीटरची वायर आमच्या वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत पोचत नाही, म्हणून एक्स्टेन्शन लागते, आणि ते गुंडाळलेले ठेवून यंत्र चालवले तर वायर तापते. ती पूर्ण सोडवूनच वापरावी. पेन्सिलच्या सालपटांचा आणि वेफरच्या पाकिटांचा बोळा पाइपच्या वळणावर हमखास अडकतो. आवाज इतका की शेजारच्या वर्गात शिकवणे अशक्य, त्यामुळे सत्रांच्या मधल्या पंचवीस मिनिटांत अजूनही झाडू आणि ओला पोछाच चालतो. यंत्र निघते ते शनिवारी शाळा सुटल्यावर: बाकांखालचे कोपरे, फळ्याखालची पट्टी, खिडक्यांच्या जाळ्या, ग्रंथालयातली पुस्तकांची डोकी आणि बालवर्गाच्या सतरंज्या यांसाठी. झाडूला रजा मिळेल या आशेने कोणी हे यंत्र घेऊ नये. बॅटरीवरचे हातातले यंत्रही पाहिले होते, पण पूर्ण जोरावर चालवले की एका वर्गातच त्याचा दम संपतो. आणि आपोआप फिरणारा रोबो आमच्या बाकांच्या पायांच्या जंगलात शिरणार कसा, हा प्रश्न दुकानदारालाही पडला.

एक गोष्ट घेतानाच घ्यावी, ती म्हणजे दुसरा फिल्टर. मुंबईच्या जुलैत धुतलेला फिल्टर दोन दिवसांत वाळत नाही, आणि ओलसर फिल्टरवर धूळ बसली की तिचा चिखल होऊन त्याला कुबट वास येऊ लागतो. आमचे दोन फिल्टर आता आळीपाळीने चालतात. एक यंत्रात असतो आणि दुसरा शिक्षकांच्या खोलीत पंख्याखाली, खुर्चीच्या पाठीला टांगलेला. त्याच्यावर मावशींनी स्केचपेनने ‘अजून ओला आहे, नेऊ नये’ अशी चिठ्ठी लावलेली आहे.