मिसुरीच्या गाळातल्या दोन आगबोटी: आधी कुठली पाहाल?

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी आणि ओमाहा यांच्यात गाडीने साधारण तीन तासांचं अंतर. दोन्हीकडे मिसुरी नदीत बुडालेल्या एकेका आगबोटीचा माल मांडून ठेवला आहे. एका दिवसात दोन्ही गाठायला गेलात तर एकही धड पाहून होणार नाही. म्हणून कॅन्सस सिटीतली 'अरेबिया' की ओमाहाजवळची 'बर्ट्रांड', हे आधीच ठरवा.

दोघींचा घात सारखाच: काठ खचून नदीत पडलेली आणि गढूळ पाण्याखाली दडलेली झाडं. अरेबिया ५ सप्टेंबर १८५६ ला पार्कव्हिलजवळ अक्रोडाच्या खोडावर आदळली. माणसं सगळी वाचली, बांधून ठेवलेलं खेचर तेवढं गेलं. पुढे नदीने पात्र बदललं, आणि १९८८-८९ च्या हिवाळ्यात बोट उकरून काढली ती चक्क शेतातून, ४५ फूट खालून. एका कुटुंबाने हे काम केलं आणि माल न विकता त्याचं संग्रहालय उभारलं.

मुलं किंवा भारतातून आलेले आई-वडील बरोबर असतील तर अरेबियाच पाहा. बूट, बशा, खिळे, दारांच्या मुठी, अगदी लोणच्याच्या बाटल्याही आहेत. नव्या गावात संसार थाटायला लागणारं सगळं इथे आहे. त्या खेचराचा सांगाडाही ठेवला आहे. संग्रहालय हलवण्याची चर्चा बरीच वर्षं चालू आहे, तेव्हा निघण्यापूर्वी पत्ता तपासा.

व्यापार समजून घ्यायचा असेल तर मात्र माझं मत ठामपणे बर्ट्रांडला. ती १ एप्रिल १८६५ ला ओमाहाच्या उत्तरेला बुडाली. निघाली होती मोंटानातल्या फोर्ट बेंटनला. तिथून पुढे, उगमाच्या दिशेने, आगबोट जात नसे. माल तिथे उतरवून जनावरांच्या गाड्यांनी सोन्याच्या खाणींकडे न्यायचा. १९६८ मध्ये दोघांनी तिचा शोध लावला तो पाऱ्याच्या आशेने, कारण सोनं वेगळं करायला पारा लागे. पारा फारसा मिळाला नाही. मिळाल्या त्या कुदळी, कपडे, औषधी मद्याच्या आणि ब्रँडीत मुरवलेल्या पीचच्या बाटल्या. जागा सरकारी अभयारण्यातली, त्यामुळे उत्खनन पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली झालं.

खरी दौलत म्हणजे खोक्यांवर छापलेली दुकानदारांची नावं. कुठला माल मोंटानातल्या व्हर्जिनिया सिटीला, कुठला तिथल्याच डिअर लॉजला, हे त्यांवरून कळतं. अरेबियात वस्तू पाहून डोळे दिपतात; इथे एकेका गिऱ्हाइकाची मागणी वाचता येते. १८८७ मध्ये फोर्ट बेंटनला रेल्वे आली आणि हा जलमार्गाचा व्यापार संपला.

बर्ट्रांडचं दालन त्याच अभयारण्यात, डेसोटोमध्ये आहे; तिथे माल काचेपलीकडे आहे. बोटीचा सांगाडा मात्र जिथे सापडला तिथेच, पाण्याखाली ठेवला आहे. त्या जागेपर्यंत जायला हाताशी वेळ ठेवा.