खिशातला ‘बग डिटेक्टर’: लेन्स शोधायला घ्या, रेडिओसाठी नको

छुपे कॅमेरे आणि मायक्रोफोन, म्हणजेच ‘बग’, शोधण्यासाठी विकल्या जाणाऱ्या या हातातल्या यंत्रात साधारण तीन सोयी असतात: रेडिओ लहरी पकडणं, लेन्स शोधणं आणि चुंबक ओळखणं. जाहिरातीचा सगळा भर पहिलीवर. नेमकी तीच लंगडी.

आतला साधा डायोड डिटेक्टर हवेतल्या सगळ्या लहरींची एकत्रित ताकद दिव्यांच्या ओळीत दाखवतो. कोणत्या फ्रिक्वेन्सीवर काय चाललंय, ते सांगत नाही. शेजारचा राउटर असो की तुमचाच मोबाइल, डिटेक्टर सारखाच ओरडतो. संवेदनशीलता कमी केली की ओरडणं थांबतं, पण मग अँटेना बगच्या वीतभर जवळ नेल्याशिवाय काही कळत नाही. वापरायचाच तर आधी राउटर आणि ब्लूटूथ बंद करा, मोबाइल विमान मोडमध्ये टाका. अँटेना भिंतीलगत सावकाश फिरवा, एकदा उभी धरून, एकदा आडवी. एवढं करूनही सिमकार्डावरचा बग बाहेरून फोन येईपर्यंत बहुतेक वेळ गप्प राहतो, गाडीखालचे अनेक ट्रॅकर गाडी हलेपर्यंत झोपतात आणि मेमरी कार्डावर ध्वनिमुद्रण करणारा रेकॉर्डर तर लहरी सोडतच नाही. दिवे लागले नाहीत म्हणून खोली स्वच्छ ठरत नाही.

लेन्स शोधक मात्र पैसे वसूल करतो. लाल एलईडींचं कडं आणि मधे लाल काच, एवढंच. खोलीत अंधार करायचा, काचेला डोळा लावायचा आणि दोन-तीन मीटरवरून स्मोक डिटेक्टर, घड्याळ, चार्जर, पंख्याचा गड्डा एकेक करून न्याहाळायचा. लेन्स प्रकाश आल्या वाटेनंच परतवते, म्हणून कॅमेरा बंद असला तरी ठिपका चमकतो. पण तुम्ही त्याच्या नजरेच्या टप्प्यात हवं. म्हणून पलंगावरून, न्हाणीघराच्या दारातून, अशा जागांवरून बघा. स्क्रूचं डोकंही चमकतं. तुम्ही जरा बाजूला सरकलात की त्याची चमक विझते, लेन्सची टिकते.

चुंबकाच्या सोयीबद्दल न बोललेलं बरं. लोखंडी खाट दिसली तरी यंत्राचा दिवा लागतो.

संशय गंभीर असेल तर व्यावसायिक तपासणीला पर्याय नाही. तिथे स्पेक्ट्रम अॅनलायझरवर, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती ताकद आहे ते दाखवणाऱ्या यंत्रावर, इमारतीबाहेरची आणि आतली नोंद ताडून पाहतात. नॉनलिनिअर जंक्शन डिटेक्टर स्वतः लहर सोडून बंद पडलेलं सर्किटही शोधतो: सर्किटातल्या सेमीकंडक्टरकडून दुसरी हार्मोनिक (दुप्पट फ्रिक्वेन्सीची लहर) जोरात परत येते, गंजलेल्या धातूकडून तिसरी (तिप्पट). शंका आली की त्या जागेवर ठोकतात. गंज असेल तर सिग्नल खडखडतो, सर्किट असेल तर स्थिर राहतो. मर्यादा अशी की टीव्हीत किंवा फोनमध्ये मुळातच सर्किट असतं, त्यामुळे ते उघडूनच बघावं लागतं. सॉकेट आणि एक्स्टेंशन बोर्ड न उघडता, दुर्बिणीची नळी फॉल्स सीलिंगमध्ये न घालता तासाभरात ‘सगळं ठीक’ म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. तपासणी ठरवायचा फोनही त्या खोलीतून किंवा संशय असलेल्या मोबाइलवरून करायचा नाही. तपासणी कामाच्या वेळी, दिवे आणि बोलणं चालू असताना व्हावी. आवाजावर जागी होणारी उपकरणं शांततेत लहरींवरून सापडत नाहीत.

कायद्याची बाजू. स्वतःच्या ताब्यातली जागा तपासणं सहसा निर्धोक. दुसऱ्याची जागा किंवा दुसऱ्याच्या नावावरचा फोन उघडायचा तर त्याची लेखी संमती हवी. परक्याचं संभाषण ऐकणं बहुतेक देशांत गुन्हाच, म्हणून जाणता माणूस सिग्नल ओळखतो, त्यातला मजकूर उकलत बसत नाही. ‘सोबत जॅमरही (लहरी अडवणारं यंत्र) देतो’ म्हणणाऱ्याला तिथूनच परत पाठवा: अमेरिकेसह अनेक देशांत खाजगी व्यक्तीनं जॅमर चालवणं बेकायदा आहे. जर्मनीत तर २०१७ मध्ये ‘माय फ्रेंड कायला’ ही बोलकी बाहुली छुपं प्रक्षेपण उपकरण ठरवून तिच्यावर बंदी घातली गेली.

काही सापडलंच तर उपटू नका, बॅटरी काढू नका, त्याच्यासमोर चर्चा करू नका. जागेसह फोटो काढा, वेळ लिहा, खोली बंद करा आणि दुसरीकडे जाऊन पोलिसांना कळवा. बोटांचे ठसे, सिमकार्ड आणि मेमरी कार्ड यांवरूनच ते कुणी लावलं याचा माग निघू शकतो.