पोर्टेबल क्रेन: लग्नसराई, जत्रा आणि गणपती झाल्यानंतर

टोकाला कॅमेरा लावून तो वरखाली आणि आडवा फिरवायच्या, आठ फुटी, घडी होणाऱ्या ॲल्युमिनियमच्या क्रेनवर लग्नसराई, गावोगावच्या जत्रा आणि गणपती असा पूर्ण फेरा झाला. आता तिच्याबद्दल ठामपणे लिहिता येईल. ही क्रेन उंचीच्या हौसेपायी घेऊ नका. व्हिडिओत तिचं खरं काम दिसतं ते गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या चार-साडेचार फुटांत. कॅमेरा त्याच्या वर नेला की मांडवाचं कापड, पंखे आणि लोकांची टाळकी एवढंच हाती लागतं.

क्रेनचा आर्म म्हणजे ट्रायपॉडवरच्या टेकूवर झुलणारा लांब पाइप. त्याच्या आठ फुटांपैकी सहा फूट टेकूच्या पुढे आणि दोन फूट मागे येतात. म्हणजे पुढच्या टोकाला लावलेल्या प्रत्येक किलोला मागे तीन किलो हवेत. माझा कॅमेरा, लेन्स आणि कॅमेरा बसवायचं हेड मिळून साधारण अडीच किलो भरतं. त्यालाच साडेसात किलो झाले, वर पुढच्या पाइपचं वजन वेगळं. मागे लावायच्या वजनाच्या प्लेटा क्रेनसोबत आल्या नाहीत, व्यायामाच्या सामानाच्या दुकानातून आणल्या. प्लेटचं भोक मागच्या दांड्यापेक्षा थोडं मोठं असल्याने आर्म हलला की प्लेटा एकमेकींवर टिकटिकायच्या, आणि कीर्तनात तो आवाज माइकमध्ये स्वच्छ उतरायचा. दांड्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला, प्लेटांच्या मध्ये त्याच ट्यूबच्या चकत्या घातल्या, आवाज थांबला. बारीक बॅलन्ससाठी मागे पाण्याची बाटली टांगतो. पाव लिटर पाणी कमी-जास्त केलं की पाव किलोचा फरक पडतो. हात काढल्यावर आर्म सोडला त्या उंचीवर तसाच राहिला की बॅलन्स जमला.

चढवताना आधी कॅमेरा, मग प्लेटा. उतरवताना आधी प्लेटा, मग कॅमेरा. हा क्रम सोबतच्या पोराकडून पाठ करून घ्या. प्लेटा मागे असताना पुढून कॅमेरा काढला तर मागचं टोक दाणकन खाली येतं आणि पुढचं तोंडावर उसळतं. दुसरी काळजी मागच्या दोन फुटांची. सगळ्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडे असतं, आणि प्लेटांचा दांडा मात्र लहान मुलांच्या डोक्याच्या उंचीवरून फिरत असतो. मागे दोरी बांधून एक माणूस उभा केल्याशिवाय मी आर्म हलवत नाही. उघड्यावर वरून विजेच्या तारा जात असतील तर जागाच बदलतो.

ट्रायपॉडचा बबल, म्हणजे पातळी दाखवणारा बुडबुडा, मधोमध आणायला आळस करू नका. जमीन जराशी कलती असली तरी आर्म आपसूक उताराकडे सरकतो आणि पॅनचा, म्हणजे आडवं फिरवण्याचा, वेग मध्येच बदलतो. पायांवर वाळूच्या पिशव्या हव्यातच. ॲल्युमिनियमचा पाइप थांबवल्यावरही क्षणभर थरथरतो, म्हणून हालचाल झटक्यात न तोडता शेवटचा वीतभर भाग हळू करत आणायचा आणि थोडं थांबून मगच रेकॉर्डिंग बंद करायचं. मनगटाच्या जोरावर हे जमत नाही. मागचा दांडा छातीजवळ धरून पावलांनी चालावं लागतं.

आता तिने जे दिलं ते. मंगलाष्टका चालू असताना कॅमेरा आंतरपाटाच्या खालच्या काठाशी, करवल्यांच्या कमरेच्या उंचीवर ठेवतो. फ्रेममध्ये पांढरं कापड, त्यावरचं कुंकवाचं स्वस्तिक आणि कडेला अक्षता मुठीत घेतलेले हात. शेवटचं ‘सावधान’ झालं आणि भटजींनी आंतरपाट ओढला की कॅमेरा जेमतेम दोन फूट वर येतो. कापड सरकतं, हात उघडतात, आणि त्या हातांच्या वरून नवरानवरी पहिल्यांदा एकमेकांसमोर दिसतात. ड्रोन मांडवात उडवला तर पात्यांचा वारा आणि घरघर सगळ्या विधीवर येते. शिवाय 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे रेड झोनमध्ये, म्हणजे उड्डाणबंदीच्या भागात, केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय तो उडवताच येत नाही. क्रेनला ना आवाज, ना झोन.

कुस्तीच्या फडावर तर मी या यंत्राच्या प्रेमात पडलो. जत्रेत लोक आखाड्याच्या कडेला खेटून बसलेले असतात, त्यांच्यातून वाट काढून आत शिरणं शोभतही नाही. लोकांच्या मागे क्रेन उभी करून आर्म डोक्यांवरून पुढे सोडला, की आधी फेटे आणि टोप्या खालून सरकतात आणि मग एकदम तांबडी माती उघडते, तिच्यावर सलामी देणारे दोन पैलवान. वाइड लेन्सवर जवळच्या गोष्टी भराभर सरकतात, लांबच्या सावकाश, आणि तेवढ्यानेच बघणारा फडात जाऊन बसतो. समोर काही जवळचं नसेल तर क्रेनचा शॉट कोरडा जातो, मग कितीही उंच न्या. घरी आल्यावर सांधे कोरड्या फडक्याने पुसायचे. तेल लावलं तर माती तिथेच चिकटून बसते.

फोटोत मात्र उंचीचा सरळ फायदा आहे. एकत्र कुटुंबाच्या ग्रुप फोटोत आठ-नऊ फुटांवरून मागच्या रांगेचे चेहरेही सुटे येतात. शटर फोनवरून मारतो, आर्म पूर्ण शांत झाल्यावर, 1/250 सेकंद किंवा त्याहून जलद. व्हिडिओला सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेवलं की कार्यालयातल्या ट्यूबलाइट फडफडत नाहीत, कारण आपली वीज 50 हर्ट्झची.

तक्रारी आहेत. पॅनचा सांधा सुरुवातीला अडतो आणि मग झटक्याने सुटतो. नायलॉनचा वॉशर घातल्यावर तो बराच सुधारला. ट्रायपॉडचा प्लास्टिकचा नॉब ऐन हंगामात फुटला, आणि विक्रेत्याने सुटा भाग पाठवेपर्यंत लग्नसराई उलटली. एवढ्या पैशात हे मला पटत नाही. शेवटी लेथवाल्याकडून पितळी नॉब करून घेतला, तो पहिल्यापेक्षा चांगला बसलाय. बॅगेची चेन तर वजनापुढे टिकतच नाही, ताडपत्रीची पिशवी शिवून घ्या.

कॅमेरा दुरून फिरवणारं मोटरचं हेड मी घेतलं नाही. टेकूखालच्या समांतर सळीमुळे आर्म वरखाली होताना कॅमेऱ्याचा कोन तसाच राहतो, आणि लग्न-जत्रेच्या कामाला तेवढं पुरतं. एकट्याने काम करणाऱ्याने मात्र ही क्रेन घेऊ नये, सोबत माणूस लागतोच. दुकानात बघायला गेलात तर पॅन लॉक करून पुढचं टोक आडवं हलवून पाहा. टेकूत बोटभरही खेळ जाणवला तर तो नग बाजूला ठेवून दुसरा मागा.