कोठ्यात उभी राहिलेली मारुती ८०० आणि दारव्ह्याचे मिस्त्री

दारव्ह्यात शकुंतला रेल्वेच्या जुन्या स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर टिनाच्या शेडमध्ये एक गॅरेज आहे. पाटीवरचं नाव उन्हानं पार उडालंय आणि दारात बहुतेक वेळा मोटारसायकली नाहीतर ट्रॅक्टर असतात. ज्यांच्या घरी एखादी कार वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली आहे, त्यांनी भंगारवाल्याला बोलावण्याआधी ती एकदा इथल्या मिस्त्रींना दाखवावी.

आमची गाडी मामाजींची. १९९७ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली. २०१७ मध्ये मामाजी गेले आणि गाडी कोठ्यात गेली ती तिथंच राहिली. बाजूला दरवर्षी कापूस भरलेला, पावसाळ्यात गळणारं टिन, आणि उन्हाळ्यात आपल्याकडचं पंचेचाळीस डिग्रीचं ऊन. शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपनं नुसते फोटो पाहून सांगितलं की इंजिन पूर्ण खोलावं लागेल, त्यापेक्षा विकून टाका. मला ते पटलं नाही. न पाहता कोणाचंही इंजिन मेलं म्हणून सांगू नये.

दारव्ह्याचे मिस्त्री गावात येऊन गाडी पाहून गेले. बोनेट उघडायच्या आधीच त्यांनी बजावलं, "मॅडम, कोणालेच सेल्फ मारू देऊ नोका. रिंगा सिलेंडरले चिकटल्या असतीन तं सारं घासून जाईन." माझ्या मते इंजिन वाचलं ते या एका वाक्यामुळे. गाडी बरीच वर्षं उभी राहिली की सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल खाली उतरून जातं, दमट हवेनं तिथं गंज धरतो आणि पिस्टनच्या रिंगा त्यात अडकतात. तशात नवी बॅटरी लावून जोरानं फिरवलं तर रिंग तुटते, नाहीतर सिलेंडरला ओरखडे पडतात. मग खरंच इंजिन खोलावं लागतं.

गाडी टोचन करून गॅरेजला नेली. एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत उंदरांनी कापसाचं गच्च घरटं केलेलं, तळाशी सरकीची टरफलं. मिस्त्रींनी ते हातानं उपसलं, मग कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्च मारून एकेक तंतू चिमट्यानं काढला. एखादा तंतू जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रात, गेला असता तर पुढं गाडी का मिसफायर करते हे शोधत बसावं लागलं असतं. तिन्ही स्पार्क प्लग काढले. मधल्या प्लगच्या टोकावर तांबूस गंज होता. तिन्ही सिलेंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण थोडं थोडं सोडलं आणि गाडी तशीच ठेवली. रोज संध्याकाळी क्रँकच्या पुलीला पाना लावून हलकासा दाब देऊन पाहायचे. हलली नाही तर परत ऑइल. जोर लावलाच नाही. एका संध्याकाळी फोन आला, "फिरलं मॅडम." मी शाळेतून तशीच गॅरेजवर गेले. पाना त्यांनी माझ्या हातात दिला आणि इंजिन खरंच पूर्ण फेरा फिरलं.

पुढचं काम भरभर झालं. टाकी उतरवली. आतल्या पेट्रोलला व्हार्निशसारखा वास येत होता, तळाला पाणी आणि गंजाचा गाळ. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि मागं चिकट राळ उरते, ती कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत बसते. कार्बोरेटर पूर्ण खोलून धुतला. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि सगळे रबरी पाइप बदलले, कारण आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्यात टिकत नाही. टायमिंग बेल्ट वरून धड दिसत होता तरी बदलायला लावला. रबर न वापरताही म्हातारं होतं, हे त्यांचं म्हणणं मला पटलं.

चालू करतानाही घाई नाही. प्लग बाहेर ठेवून, कॉइलची वायर काढून, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत इंजिन नुसतं फिरवलं. मग प्लग बसवून ताज्या पेट्रोलची बाटली बोनेटला टांगली आणि तिथून पाइप दिला. पहिल्यांदा पांढरा-निळा धूर इतका निघाला की शेजारचा पानठेलेवाला पाहायला आला. सिलेंडरमधलं ऑइल जळल्यावर धूर विरळ झाला आणि ८००चा तो ओळखीचा, किंचित थरथरता आवाज स्थिर झाला. थोडा वेळ चालवून ते ऑइल फेकलं आणि नवं २०डब्ल्यू-४० भरलं.

बॅटरी आणि सुट्या भागांसह साडेचौदा हजार लागले, टायर वेगळे. जुने काढलेले भाग त्यांनी पिशवीत घालून परत दिले, हे मला फार आवडलं. उणिवा दोन. पक्कं बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरिंगचं काम ते दुसऱ्या इलेक्ट्रिशियनकडे देतात, तिथं आमचे बरेच दिवस गेले. मागच्या ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटले होते, तेही त्यांनी सोडवले, पण ते मी आठवण केल्यावर. तुम्ही गेलात तर ब्रेकचं पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

कागदांचं त्यांच्याकडे काही होत नाही. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं, आमचं २०१७लाच संपलेलं. ते यवतमाळच्या आरटीओत सुरू आहे, तोवर गाडी शेताच्या पांदणीवरच फिरते.

सोयाबीन निघायच्या दिवसांत जाऊ नका, तेव्हा गॅरेज ट्रॅक्टर आणि थ्रेशरनं भरलेलं असतं. संक्रांतीनंतर गेलात तर मिस्त्रींना निवांत वेळ मिळतो, आणि या कामाला तोच लागतो.