दगडांच्या स्टँडपायी २८,८९९ रुपये गेले; संग्राहकांनी सावध राहावे

हे लिहिताना लाज वाटते आहे. परंतु ज्या माणसाने मला लुबाडले तो आजही संग्राहकांच्या गटांमध्ये तोच फोटो दाखवून ऑर्डरी घेत आहे, त्यामुळे गप्प बसणे मला जमणार नाही.

पुणे, नाशिक, जळगाव या पट्ट्यातील विहिरींच्या खोदकामातून आणि खाणींतून निघालेली खनिजे मी गेली २७ वर्षे जमवतो आहे. हिरवट अपोफिलाइट, पीचच्या रंगाचा स्टिल्बाइट, सुयांच्या जुडीसारखा स्कोलेसाइट आणि वाघोलीच्या खाणीतील गर्द निळा कॅव्हान्साइट. ही खनिजे उजेडात ठेवली तरच त्यांचे सौंदर्य दिसते, म्हणून आतून दिवे असलेला चार पायऱ्यांचा स्टँड घरीच करायचे मी ठरवले. प्लायवुडचा सांगाडा मी स्वतः कापला. तीन फूट लांबीच्या, ८ मि.मी. जाडीच्या कास्ट ॲक्रिलिकच्या (साच्यात ओतून केलेल्या काचेसारख्या प्लास्टिकच्या) पायऱ्या तेवढ्या मापात कापून आणि कडा पॉलिश करून हव्या होत्या. त्यांच्याखाली लावायला १२ व्होल्टची, मीटरला १२० दिव्यांची, सीआरआय ९० असलेली (म्हणजे रंग जवळजवळ खरे दाखवणारी) एलईडी पट्टी आणि तिला वीज पुरवणारा ५ अँपिअरचा एसएमपीएस हवा होता.

पुण्यातील विजेच्या सामानाच्या बाजारात, तपकीर गल्लीत, स्वतः जाऊन पट्टी पेटवून पाहिली असती तर पुढचे काहीच घडले नसते, हे मला कोणी सांगायला नको. परंतु मार्चमध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, आणि जवळच्या ॲक्रिलिकवाल्याने चारच पायऱ्यांचे काम घ्यायला नकार दिला होता. अशा वेळी संग्राहकांच्या गटातील एका माणसाने सगळे करून देण्याची तयारी दाखवली. अपोफिलाइट आणि स्टिल्बाइट यांतला फरक तो नीट सांगत होता, कॅव्हान्साइटवर सरळ उष्णता पडू देऊ नका असेही त्याने स्वतःहून सांगितले. असा माणूस भामटा असेल असे कोणाच्या मनात येईल?

हिशेब असा होता: ॲक्रिलिक आणि कटाई ९,४०० रुपये, दिव्यांचे सामान ३,८५० रुपये, पॅकिंग व वाहतूक १,२०० रुपये, एकूण १४,४५० रुपये. निम्मे म्हणजे ७,२२५ रुपये आगाऊ दिले आणि उरलेले ७,२२५ 'स्टँड जुळवून पाहिला, आता पाठवतो' असे सांगून त्याने फोटो पाठवल्यावर दिले. त्या फोटोत वायर उजव्या कोपऱ्यातून बाहेर आली होती. मी हाताने काढून दिलेल्या आकृतीत वायरची खाच डावीकडे, मागच्या कडेपासून ३ सें.मी. अंतरावर होती. मला ते दिसले. फोटो आरशासारखा उलटा आला असेल अशी मीच माझी समजूत घातली आणि पैसे पाठवले. फोटो दुसऱ्याच कोणाच्या स्टँडचा होता.

पार्सल आले. ८ मि.मी.च्या पायऱ्या कॅलिपरने मोजल्या तर ४.८ मि.मी. भरल्या. नखाने टिचकी मारल्यावर पत्र्यासारखा आवाज आला, तेव्हाच शंका आली. एक कपचा अंगणात पेटवून पाहिला तर काळ्या काजळीचे धागे उडाले. ॲक्रिलिक जवळजवळ धुराशिवाय जळते; हे पॉलिस्टायरिन, म्हणजे हलके, स्वस्त प्लास्टिक होते. दिव्यांची पट्टी मीटरला ६० दिव्यांची आणि निळसर, तिच्या उजेडात स्टिल्बाइट मेलेला दिसत होता. मी मूर्खासारखे दगड मांडून पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरी पायरी मधोमध वाकलेली होती. कॅव्हान्साइटचा नमुना घसरून खाली पडला होता आणि त्यावरचा एक निळा गोळा, वाटाण्याएवढा, तुटून फरशीवर चुरा झाला होता. तो नमुना मी १९९८ साली मिळवला होता.

इथपर्यंत नुकसान १४,४५० रुपयांचे होते. तक्रार केल्यावर तो माणूस अजिबात भांडला नाही. 'पूर्ण पैसे परत देतो' म्हणाला, आणि खाते तपासायला म्हणून १ रुपया पाठवला. तो आला. मग त्याने क्यूआर कोड पाठवला. पडद्यावर १४,४५० रुपये हा आकडा होता आणि त्याखाली जे नाव होते ते आधीच्या दोन्ही व्यवहारांतील नाव नव्हते. मी विचारले, तो म्हणाला, 'हिशेब बघणाऱ्याचे खाते आहे.' आणि मी पिन टाकला. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे गेले; हे मी स्वतः शेजारच्या काकूंना दोनदा समजावून सांगितले आहे. त्या चार अंकांपाशी माझा अंगठा थांबला होता, आणि तरीही मी ते टाकले. फुटलेल्या दगडाचा राग डोक्यात होता आणि पैसे परत येत आहेत एवढेच दिसत होते.

त्यानंतरचे तीन तास मी त्याच माणसाला फोन लावण्यात घालवले. ते तीन तास १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर तक्रार नोंदवण्यासाठी होते. तुमच्यावर ही वेळ आली तर आधी तो क्रमांक फिरवा, त्या माणसाशी एक शब्दही बोलू नका.

तक्रार क्रमांक मिळाला, आणि खरी दमछाक तिथून सुरू झाली. आमच्या पोलीस ठाण्यात मला सांगण्यात आले की वस्तू मिळाली आहे, म्हणजे हा ग्राहक मंचाचा विषय आहे. मी म्हणालो, दुसऱ्यांदा गेलेल्या १४,४५० रुपयांच्या बदल्यात कोणती वस्तू मिळाली? त्यावर 'सायबर पोलिसांकडे जा' असे उत्तर मिळाले. तिथे गेलो तर 'आधी तुमच्या ठाण्यातून या'. ताज्या टाक्यांच्या गुडघ्याने मी तो जिना चार वेळा चढलो. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते, ते मी छापून नेले होते. समोरच्या अधिकाऱ्याने तो कागद न वाचता घडी घालून परत केला. बँकेत शिक्क्याचे खातेउतारे मिळवायला दोन दिवस गेले, आणि शेवटी 'पिन तुम्हीच टाकलात ना?' हा प्रश्न सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात विचारण्यात आला. होय, मीच टाकला. म्हणून ज्या खात्यात पैसे गेले ते गोठवायचे नाही का? ते खाते कोणाचे, उघडताना कोणती कागदपत्रे घेतली, हे विचारण्याची तसदी एकाही खिडकीने घेतली नाही. चौकशी फक्त माझीच झाली.

मापात कापून देणाऱ्याकडून आधी कापून उरलेला तुकडा (ऑफकट) मागवा आणि तो जाळून पाहा. एसएमपीएसवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा), आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. तयार झालेल्या वस्तूच्या फोटोत त्या दिवशीचे वर्तमानपत्र ठेवायला सांगा, आणि फोटोतली एक बारीकशी गोष्टही जुळली नाही तर उरलेले पैसे रोखा. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. मी काढला नव्हता, आणि आता प्रत्येक जण तोच मागतो आहे.

पहिल्या १४,४५० रुपयांसाठी मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला आहे. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तो करता येतो, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही; दोन वर्षांच्या आत मात्र करावा लागतो. ज्यांना काळ्या मखमलीवर ठेवलेला, उजव्या कोपऱ्यातून पांढरी वायर आलेला चार पायऱ्यांचा स्टँड 'तुमचा तयार आहे' म्हणून दाखवला गेला असेल, त्यांनी ते संभाषण पुसू नये आणि मला कळवावे. एकाच खात्याविरुद्ध दोन तक्रारी झाल्या तर कदाचित ती खिडकी उघडेल.